टापटीप

गेल्या आठवड्यात पुण्याहून नातवाने मोबाईलवर एक फोटो पाठवला. पठ्ठ्याने कुठल्याशा भंगारवाल्याकडून तीन डोळ्यांचा जुना प्रोजेक्टर उचलून आणलाय. तीन डोळे म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या तीन पिक्चर ट्यूब. तिघींची चित्रं पडद्यावर एकमेकांवर बरोब्बर बसली की रंगीत चित्र दिसतं. फोटोत झाकण उघडं होतं आणि आतल्या सगळ्या वायरींची एक जुडी करून ती प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळली होती. खाली लिहिलं होतं, "आजोबा, टापटिपीला दहापैकी किती?"

तीसेक वर्षं मुलांच्या वह्यांना टापटिपीचे गुण दिलेला माणूस मी. नऊ लिहिणारच होतो. पण मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, विजेतलं मला काय कळतं? म्हणून फोटो घेऊन भरडावर गेलो. तिथे माझ्या एका विद्यार्थ्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता दुकान नाही, तो आहे. फोटो बघितल्याबरोबर म्हणाला, "गुरुजी, आधी तेका सांगा, हात लावू नको. ह्या बांधल्यान कोणी?"

मग त्याने समजावलं. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची. साध्या रंगीत टीव्हीच्या ट्यूबला लागतात साधारण 25 हजार व्होल्ट आणि प्रोजेक्टरच्या ट्यूबला 30 हजारांच्याही वर. ती जाड वायर रबरी टोपीखाली ट्यूबच्या काचेत शिरते. प्रोजेक्टरमध्ये एका ठोकळ्यातून अशा तीन वायरी तीन ट्यूबकडे जातात. एवढ्या दाबाची वीज नुसत्या वेष्टणाने अडत नाही, तिला अंतर लागतं. कोरड्या हवेतसुद्धा 30 हजार व्होल्ट एखादा सेंटिमीटर सहज ओलांडतात, आणि पत्र्याची टोकदार कड जवळ असली तर त्याहून जास्त. म्हणून ही वायर इतर वायरींच्या जुडीत बांधायची नाही, पत्र्याच्या कडेवर टेकवायची नाही, काटकोनात मोडायची नाही, आवळायची नाही. कारखान्याने जिथे प्लॅस्टिकचे चाप दिलेत तिथूनच, थोडी सैल न्यायची. चाप तुटला तर तसाच चाप शोधायचा. साधी चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही.

आपल्याकडे तर खारा वारा. टोपीवर आणि वायरीवर मीठ-धुळीचा चिकट थर बसतो आणि वीज त्या थरावरून सरपटते. पावसाळ्यात टीव्ही लावला की मागून सापासारखा फुसफुस आवाज यायचा, आठवतो? अंधारात बघितलं तर जांभळट उजेडही दिसायचा.

मला तो आवाज चांगलाच आठवतो. 'महाभारत' लागायचं तेव्हाची, म्हणजे 1989 ची गोष्ट. शनिवारी संध्याकाळी आमचा टीव्ही बिघडला. ह्याच विद्यार्थ्याला बोलावलं, तेव्हा तो नुकता कामाला लागला होता. चित्र दिसायला लागल्याबरोबर मी म्हटलं, "पुरे झालं, झाकण लाव, उद्या सकाळी अख्खी वाडी येणार आहे." तो म्हणत होता, "गुरुजी, जरा थांबा." मी थांबलो नाही. रविवारी ऐन रंगात आल्यावर मागून ताड् ताड् आवाज झाला, चित्र आक्रसलं आणि खोलीभर उग्र वास सुटला. जागा नव्हती म्हणून शेजारचं एक पोर टीव्हीच्या बाजूला, मागच्या झाकणाला पाठ लावून बसलं होतं. त्याला काही झालं नाही. झाकण उघडल्यावर दिसलं, ती जाड वायर चापातून निसटून पत्र्याच्या कडेवर पडली होती. घाई माझी होती, हे तो आजवर एकदाही म्हणालेला नाही.

दुरुस्तीचं मोल आपण पडद्यावरून ठरवतो, आणि मेकॅनिकची खरी अक्कल मात्र मागच्या झाकणाआड असते. तिथल्या अर्ध्या तासाचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो. वायर पुन्हा जागच्या जागी नेणं हे त्याचं कामच नव्हे, असं धरून चालतो. आता ते मेकॅनिकच राहिले नाहीत. कोणी मोबाईल विकतो, कोणी मुंबईला गेला. यंत्रं मात्र भंगारातून पोरांच्या हाती येताहेत. नातवाला ती आवडतात ह्याचं मला कौतुकच आहे. पण जाणता माणूस शेजारी नसताना ते झाकण उघडू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय. आता तुम्ही म्हणाल, बटण बंद केलं की झालं! नाही होत. ट्यूबची काच वीज साठवून धरते. ती काढून टाकली तरी थोड्या वेळाने पुन्हा थोडी जमते. हा विद्यार्थी आयुष्यभर एक हात पाठीमागे ठेवून काम करत आला, ते उगीच नव्हे.

संध्याकाळी नातवाला फोन केला. आधी प्लग काढायला लावला, मग गुण सांगितले: शून्य. तो खट्टू झाला. "आजोबा, पण किती नीट दिसतंय!" म्हणाला. पट्ट्या कापायला तो लगेच निघाला होता, त्यालाही नको म्हटलं. पुण्यात कोणी जुना मेकॅनिक मिळेपर्यंत प्रोजेक्टर खोक्यात राहील असं त्याने कबूल केलंय. भरडावरचा म्हणतो, "नाय गावलो तर मी जातंय, गुरुजी. तिकिटाचे पैशे तुम्ही द्या."