उत्तरवयातील काव्यारंभ

मराठी कवितेच्या अर्वाचीन इतिहासाने आपल्या मनावर एक समजूत फार खोलवर बिंबविली आहे. ती ही की, काव्य हे तारुण्याचे देणे असून जे पंचविशीच्या आत गवसले नाही ते पुढे गवसण्याची आशा व्यर्थ होय. केशवसुत १९०५ मध्ये चाळिशी गाठण्यापूर्वीच गेले, बालकवी १९१८ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात, आणि गोविंदाग्रज त्याच्या पुढच्याच साली, चौतिसाव्या वर्षी. या तिघांच्या अकालमृत्यूंनी आपल्या रसिकतेला असा काही चटका लावला की, कचेरीत केस पिकविलेल्या, मुलाबाळांची लग्नकार्ये उरकून मग लेखणी हाती घेतलेल्या मनुष्याकडे कवी म्हणून पाहण्याची आपली दृष्टीच मंदावली. ही समजूत मला अन्यायाची वाटते, आणि मराठीच्याच इतिहासाशी ती विसंगत आहे.

वऱ्हाडातील नारायण मुरलीधर गुप्ते, म्हणजे कवी ‘बी’, यांचे उदाहरण या संदर्भात विशेष मननीय आहे. १८७२ साली मलकापूर येथे जन्मलेल्या या गृहस्थांची हयात महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. विशीच्या आतच त्यांची एक कविता प्रसिद्ध झाली आणि पुढे जवळजवळ वीस वर्षे त्यांचे नाव वाचकांच्या कानी आले नाही. महसुली कारकुनाच्या हाताखालून तगादे, अर्ज, जमाबंदीचे तक्ते आणि वसुलीचे हिशेब अखंड वाहत असतात, आणि त्या प्रत्येक कागदामागे एखाद्या कुटुंबाचा संसार उभा असतो. अशा ठिकाणी मौनात घालविलेली वर्षे वाया गेली असे म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही. चाळिशीच्या सुमारास ‘बी’ या एकाक्षरी नावाने ते मासिकांतून पुन्हा दिसू लागले, आणि त्यांचा पहिला संग्रह ‘फुलांची ओंजळ’ आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९३४ मध्ये निघाला तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती. आयुष्यभराची एकूण रचना पन्नास कवितांच्या आसपास. लता मंगेशकरांच्या स्वरात ‘चाफा’ ऐकून ज्यांचे मन भरून येते, त्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, ती एका सरकारी कारकुनाच्या हातची कविता आहे!

उत्तरवयात कवितेकडे वळणाऱ्याची खरी अडचण वेळेची नसते, ती कानाची असते. शाळेत मुखोद्गत केलेल्या कवितांची चाल त्याच्या श्रवणात इतकी मुरलेली असते की, तो स्वतःचे दुःख सांगावयास बसला तरी ओठांवर शब्द येतात ते दुसऱ्याचेच. फेरफाराच्या एका नोंदीने एखाद्याच्या हातचे शेत कसे जाते हे ज्याने तीस वर्षे डोळ्यांनी पाहिले, असा तलाठी निवृत्त होऊन वही उघडतो आणि चांदणे, पारिजातक व मोरपीस यांवर लिहू लागतो. रात्रपाळीत मरणाऱ्याचा हात धरून बसलेली परिचारिका आपल्या कवितेत ‘जीवननौका’ आणि ‘पैलतीर’ घालते. त्यांनी जे पाहिले आहे ते पंचविशीतल्या कवीला कितीही प्रतिभा असली तरी पाहता आलेले नसते, आणि नेमके तेच कवितेच्या दाराशी आल्यावर चपलेसारखे बाहेर काढून ठेवले जाते. सातबारा, हजेरीपट, सलाईन, पागडी या शब्दांनाही कवितेत प्रवेश आहे हे ज्या दिवशी मनोमन पटते, त्या दिवशी अशा कवीला आपली वाट सापडू लागते. त्याआधीची पाने त्याने निःशंकपणे फाडावीत.

लक्ष्मीबाई टिळकांची कहाणी ‘बीं’च्या कहाणीहूनही विलक्षण आहे. १८६८ चा त्यांचा जन्म. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्या घरी. लहान कविता त्यांनी संसार करता करता रचल्या होत्या खऱ्या, परंतु नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध महाकाव्याचे सुमारे दहा अध्याय रचून १९१९ मध्ये देह ठेवला, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या या बाईंनी ते अपुरे काव्य पुढे चालविण्याचा भार स्वतःवर घेतला आणि साठांहून अधिक अध्याय रचले. विदुषी म्हणवून घेण्याजोगा कसलाही दाखला त्यांच्यापाशी नव्हता. पतीचा विषय आणि पतीचाच छंद त्यांनी पत्करला. तरीही जात्यावरची ओवी ज्या घरांतून गायिली जात असे, त्या घरांतली बोली त्यांच्यापाशी जन्माचीच होती, आणि मला वाटते, एवढे दीर्घ काम निभावून नेण्याचे बळ त्यांना त्या बोलीनेच दिले.

आज अशा माणसांच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात: उपेक्षा किंवा खोटी स्तुती. साहित्य अकादेमीचा युवा पुरस्कार पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी आहे, आणि तरुणांना उत्तेजन मिळावे हे सर्वथा योग्यच. पण ‘नवोदित’ या पदवीचा वयाशी असलेला करार मात्र कोणी लिहून दिलेला नाही. दुसरीकडे, निवृत्त मनुष्याने पदरचे पैसे मोजून संग्रह छापावा, शाल-श्रीफळाचा समारंभ व्हावा, वक्त्यांनी न वाचताच गौरव करावा, आणि गठ्ठे माळ्यावर पडावेत, हा प्रकार गावोगाव चालतो. यात त्या माणसाचा सन्मान नाही. त्याची कविता कोणी गंभीरपणे वाचली नाही, कोठे ती उसनी आहे आणि कोठे त्याची स्वतःची, हे त्याला कोणी सांगितले नाही, ही त्याची खरी हानी आहे.

म्हणून माझी विनंती संपादकांना व वाङ्मयमंडळांच्या चालकांना आहे. कवितेसोबत जन्मसाल मागू नये. साठीच्या कवीची कविता विशीच्या कवीइतक्याच कठोरपणे वाचावी, नाकारावयाची असेल तर दोन ओळींत कारण लिहून नाकारावी, आणि घेण्याजोगी असेल तर ज्येष्ठ नागरिकांच्या सदरात न टाकता मुख्य अंकात छापावी.