नाणेघाटाचा रांजण कोणासाठी?

गेल्या महिन्यात डिंगोऱ्याहून आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. "घराला गिऱ्हाईक आलंय. मुंबईचे लोक आहेत, दोनदा येऊन बघून गेले. घर पाडायचं नाही म्हणतात, पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्यात. भाव बरा देतात. तुझं काय म्हणणं?" मी म्हणालो, कळवतो. गेली चाळीस वर्षे मी कल्याणला राहतो. घराला कुलूप आहे, किल्ली शेजारच्या वहिनींकडे असते आणि माझा गावाशी संबंध म्हणजे श्रावणातला एखादा सोमवार आणि भाऊबंदांतली लग्नकार्ये. अशा माणसाने 'विकू नका' म्हणायचे तरी कोणत्या तोंडाने?

पण त्या फोनने मला एक जुनी सहल आठवली. काही वर्षांपूर्वी इटलीला गेलो होतो, तेव्हा रोमच्या उत्तरेला चिविता दि बान्योरेज्जो नावाचे एक गाव पाहिले. एका सुट्या सुळक्यावर वसलेले. अडीच हजार वर्षांपूर्वी एट्रुस्कन लोकांनी ते वसवले. वर ज्वालामुखीचा ठिसूळ दगड, खाली चिकणमाती. त्यामुळे कडा सतत ढासळतो. संत बोनाव्हेंतुरा यांचे जन्मघर केव्हाच दरीत गेले. गावात जायला एक लांबलचक पादचारी पूल आहे आणि पुलापाशी तिकिटाची खिडकी. 2013 साली तिकीट दीड युरो होते, पुढे ते पाचपर्यंत गेले. कुंड्यांतली फुले, दगडी जिने, सगळे चित्रासारखे. कायम वस्ती मात्र जेमतेम डझनभर माणसांची! बरीचशी घरे रोमच्या आणि बाहेरच्या लोकांनी सुटीसाठी घेतलेली. संध्याकाळी प्रवासी पुलावरून परत निघाले, तेव्हा गावात ताटवाटीचा आवाजदेखील येत नव्हता.

मी बायकोला म्हटले, "आपल्याकडेही टोल होता. पण तो गावात शिरायचा नव्हता, गावाकडे माल न्यायचा होता."

कल्याणहून मुरबाडमार्गे वैशाखऱ्याला आले की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. तिच्यात खोदून काढलेली वाट म्हणजे नाणेघाट. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. तिथल्याच लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. कोणते यज्ञ केले आणि किती गायी, किती कार्षापण दक्षिणा दिली याचा तो हिशेबच म्हणायचा. त्यातले आकडे आपल्या देशातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत मोजले जातात. राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते, त्यांची आता फक्त पावले आणि वरची नावे उरली आहेत. वाटेवर लक्ष ठेवायला जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी. आणि या सगळ्यांच्या मध्ये, कुकडीच्या खोऱ्यात, जुन्नर.

जुन्नरच्या भोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत. एवढी कोरीव लेणी एकाच गावाभोवती देशात दुसरीकडे नाहीत. लेण्याद्रीचा गिरिजात्मज सगळ्यांना ठाऊक असतो. अष्टविनायकाची गाडी पायथ्याशी थांबते, दर्शन होते आणि गाडी ओझरला निघते. पण शेजारच्याच चैत्यगृहावर काय कोरले आहे, हे किती जण वाचतात? ते चैत्यगृह सुलसदत नावाच्या माणसाने दिले. तो होता कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, मुलगा. कल्याणचा माणूस घाट चढून वर आला, इथे पैसा मिळवला किंवा निदान इथून नेला आणि त्यातला काही इथल्या डोंगराला देऊन गेला. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी, कल्याणचाच रहिवासी, थोडा ओशाळलो होतो.

असे देणारे पुष्कळ आहेत आणि त्यांत राजे फार थोडे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, आजच्या भाषेत संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी ठेवी ठेवल्याचे लेख आहेत. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, तर चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप. कुठला कोण परमुलखातला माणूस, पण त्याने भूतदयेचे मोठे शब्द कोरले नाहीत. पाणी दिले, जेवायला जागा दिली. मला सर्वांत आवडतो तो अडुथुम नावाच्या शकाचा लेख. त्याने वीस निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाची झाडे लावायला आणि नऊ निवर्तनांचे वडाची झाडे लावायला ठेवले. वडाची सावली लावणाऱ्याला मिळत नाही, पुढच्या पिढीला मिळते. त्याला ती पुढची पिढी इथेच राहणार याची खात्री असली पाहिजे.

पुढेही माणसे येत राहिली. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन आला आणि पावसाळाभर जुन्नरला अडकला. चिखलाला तो वैतागला होता. हे शहर खडकाच्या बेटावर आहे, ते माणसाने नव्हे तर देवाने घडवले आहे आणि वर जायची वाट एका माणसापुरती आहे, असे त्याने लिहून ठेवले. इथल्या सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतला. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो परत मिळाला. निजामशाहीचा पाया इथूनच घातला गेला. मलिक अंबरने 1607 मध्ये राजधानी पुन्हा जुन्नरला आणली आणि हबशांच्या बागेचे हापूसबाग हे नाव आजही टिकून आहे. पेशवाईच्या दप्तरांत वापरला जाणारा जुन्नरी कागद इथल्या कागदी मंडळींच्या हातचा. शिवनेरीबद्दल मी नव्याने काय सांगणार? पण एक गोष्ट मनाला लागते. 19 फेब्रुवारी 1630 रोजी ज्या गडावर शिवराय जन्मले, तो गड त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. 1657 मध्ये दोर लावून त्यांनी जुन्नर शहर लुटले, गड मात्र मोगलांकडेच राहिला.

जुन्नर मागे पडले ते लढाईने नव्हे, तर रुळांनी. 1863 साली बोरघाटातून आणि 1865 साली थळघाटातून आगगाडी वर आली आणि माल तिकडून जाऊ लागला. बैलांच्या तांड्यांचा घाट ओस पडला. मग घाटाने उलटा व्यवहार सुरू केला: माल वर येण्याऐवजी माणसे खाली जाऊ लागली. आमच्या घरातून आजोबांचे धाकटे बंधू गेले, मग माझे वडील, मग मी.

आता दिवस पालटत आहेत. 2018 मध्ये राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत शिवनेरी आहे. पावसाळ्यातल्या रविवारी नाणेघाटात खालून वर उडणारे पाणी बघायला एवढ्या गाड्या येतात की घाटघरच्या माणसाला स्वतःच्या वाडीत शिरता येत नाही. आलेल्यांनी मक्याची कणसे घ्यावीत, चहा घ्यावा, राहावे. त्यात वाईट काही नाही. ज्यांचे तरुण घर सोडून जातात, त्यांना पाहुण्यांचा तिटकारा परवडत नाही. पण पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांत आजही हिरडा गोळा करून वर्षाची जुळवाजुळव होते. उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने लोक तिन्हीसांजेनंतर अंगणात पोरे सोडत नाहीत. रविवारच्या गर्दीतला पैसा या घरांपर्यंत पोचतो का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

चिविताला हसणे सोपे आहे. पण तिथल्या तिकिटाच्या पैशावर बान्योरेज्जोच्या नगरपालिकेने रहिवाशांचे स्थानिक कर रद्द केले. पैसा पुलापलीकडच्या नांदत्या गावाला मिळाला, एवढी अक्कल त्यांनी दाखवली. आपल्याकडे घाटघरच्या ग्रामसभेला वाहनतळाचा, स्वच्छतेचा, मुक्कामाच्या परवानगीचा हक्क आणि त्यातले उत्पन्न का मिळू नये? गावातले घर पाहुण्यांसाठी काढायचे तर ते गावातल्या माणसाने चालवावे, निदान त्याची भागी तरी असावी, अशी अट ग्रामपंचायतीने का घालू नये? रांजण घाटमाथ्यावर होता, शहरातल्या कोणाच्या दिवाणखान्यात नव्हता.

हे सगळे मी आप्पांना फोनवर सांगितले. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बोलतोस बरोबर. पण चालवणार कोण? मी सत्तरीचा. तुझा मुलगा येणार आहे का?"

मुलाला विचारले. तो नाही म्हणाला नाही आणि हो पण म्हणाला नाही. वहिनींचा धाकटा ओतूरला एका हॉटेलात कामाला आहे, त्याला विचारून बघा, असे त्याने सुचवले. ते मला सुचले नव्हते. गिऱ्हाइकाला आप्पांनी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले आहे. येत्या रविवारी मी आणि मुलगा माळशेज चढून डिंगोऱ्याला जात आहोत. पाऊस यायच्या आत कौले शाकारायची आहेत आणि त्या मुलाशी बोलायचे आहे. संध्याकाळी गणेशखिंड ओलांडून जुन्नरला जाऊ. मुलाने लेण्याद्री दोनदा पाहिली आहे, पण सुलसदताचा लेख पाहिलेला नाही.