खिशातलं शेफिल्ड

चाकू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सत्तरच्या दशकातला हिंदी पिक्चर, गल्लीच्या तोंडाशी उभा व्हिलन आणि 'खटॅक' करून उघडणारा रामपुरी. त्यामुळे ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ''मी जुने चाकू जमवतो'' असं कुणी म्हणालं, की शेजारचा हळूच आपली खुर्ची दोन इंच सरकवतो. घड्याळं जमवा, फाउंटन पेनं जमवा, लोक कौतुकाने हातात घेऊन बघतात. चाकू म्हटलं, की एचआरवाल्यांच्या भुवया वर!

तर मंडळी, आधीच सांगून टाकतो. इथे विषय आहे घडीच्या चाकूचा. बोटभर लांब, पातं मिटून मुठीत जाणारा, पेन्सिलीला टोक काढायला, पार्सलची सुतळी कापायला आणि सफरचंद सोलायला एके काळी जगभरचे लोक खिशात ठेवायचे, तो. जर्मनीतल्या झोलिंगेनवाल्यांनी आणि फ्रान्समधल्या तिएरवाल्यांनी खुशाल रागवावं, पण या चाकूची पंढरी एकच. इंग्लंडमधलं शेफिल्ड.

हेच गाव का? तर डोंगरउतारावरून धावणाऱ्या डॉन, शीफ, रिव्हेलिन, लॉक्सली आणि पोर्टर या पाच नद्या, त्यांच्यावर फिरणारी पाणचक्क्यांची चाकं आणि धार लावायला लागणारा वालुकाश्म हाताशी. चौदाव्या शतकात चॉसरने 'कॅन्टरबरी टेल्स'मधल्या एका गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफिल्डचाच चाकू खोचला होता, म्हणजे बघा ब्रँड किती जुना. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने इथे चाकूवाल्यांची कंपनी, म्हणजे आपल्या भाषेत कारागिरांची पंचायत, उभी राहिली. प्रत्येक कारागिराचा शिक्का तिच्या वहीत नोंदलेला असायचा. पुढे १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवायची युक्ती काढली. त्याला खरं तर घड्याळाच्या स्प्रिंगसाठी चांगलं पोलाद हवं होतं. गावातल्या चाकूवाल्यांनी आधी नाकं मुरडली. ते पोलाद वापरून फ्रेंच लोक सरस माल करायला लागले, तेव्हा कुठे यांचे डोळे उघडले.

आता बड्या घराण्यांकडे येऊ. पहिलं नाव जोसेफ रॉजर्स अँड सन्स, पत्ता सहा नंबर, नॉरफोक स्ट्रीट. शिक्का म्हणजे एक चांदणी आणि एक माल्टीज क्रॉस, १७६४ मध्ये मिळालेला. या घराण्याला शो-बाजीची भलती हौस. १८२२ च्या सुमारास त्यांनी एक चाकू बनवला, त्याला पाती किती? १८२२! दर वर्षी एक नवं पातं जोडायचं, अशी कल्पना. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा 'नॉरफोक नाइफ' केला. तो आजही शेफिल्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे. कापायला त्याचा उपयोग शून्य. पण आपल्याकडच्या लग्नातल्या रुखवतात तांदळाच्या दाण्यावर गणपती काढतात, त्याचा तरी उपयोग काय असतो?

दुसरं नाव जॉर्ज वॉस्टनहोम. याचा शिक्का 'आय एक्स एल'. भराभर म्हणून बघा, 'आय एक्सेल' ऐकू येईल, म्हणजे 'मीच सरस'. दोनशे वर्षांपूर्वीची टॅगलाइन आहे ही आणि आजच्या कुठल्याही ॲड एजन्सीने हेवा करावा अशी. हा गडी अमेरिकेच्या वाऱ्या करून ऑर्डरी आणायचा. १८४८ मध्ये त्याने कारखाना काढला, त्याचं नावच 'वॉशिंग्टन वर्क्स' ठेवलं. गिऱ्हाईक कोण, ते पाटीवरच कळलं पाहिजे!

नाव झालं की नक्कल आलीच. झोलिंगेनचे काही कारखानदार आपल्या मालावर बिनधास्त शेफिल्डची नावं ठोकायला लागले. शेफिल्डकरांनी एवढा आरडाओरडा केला, की १८८७ मध्ये ब्रिटनला 'मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट' करावा लागला. परदेशी माल ब्रिटिश असल्याचं भासवून विकायची सोय त्याने बंद केली आणि मालावर 'मेड इन जर्मनी' दिसायला लागलं. हेतू होता जर्मनांची नाचक्की करण्याचा. झालं भलतंच, लोक हौसेने तोच शिक्का शोधून खरेदी करायला लागले.

संग्राहकाला या भांडणांचा फायदाच झाला, कारण वय ओळखायच्या खुणा तिथूनच मिळतात. चाकू उघडा आणि पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून काय कोरलंय ते भिंगातून वाचा. अमेरिकेच्या मॅकिन्ली टॅरिफमुळे १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. म्हणून नुसतं 'शेफिल्ड' असेल तर चाकू त्याआधीचा असण्याची शक्यता, 'इंग्लंड' असेल तर बहुधा नंतरचा. रॉजर्सच्या चाकूवर राजाची आद्याक्षरंही सापडतात, मधे मुकुट आणि दोन्ही बाजूंना एकेक अक्षर. 'डब्ल्यू आर' म्हणजे चौथा विल्यम, फक्त १८३० ते १८३७. 'व्ही आर' म्हणजे व्हिक्टोरिया, १९०१ पर्यंत. 'जी आर' मात्र फसवं आहे. ते चौथ्या जॉर्जचंही असू शकतं आणि विसाव्या शतकातल्या पाचव्या किंवा सहाव्या जॉर्जचंही. विकणारा अर्थातच तुम्हाला चौथा जॉर्ज सांगणार! अशा वेळी शेजारी 'इंग्लंड' दिसतंय का ते बघायचं. आणि 'स्टेनलेस' लिहिलेलं असेल, तर बाकीची चर्चाच नको. ते पोलाद हॅरी ब्रिअरलीने शेफिल्डमध्येच १९१३ मध्ये तयार केलं, त्याआधीच्या चाकूवर तो शब्द येईलच कसा?

याबाबतीत अमेरिकेतली केस कंपनी सगळ्यात सज्जन. १९७० पासून शिक्क्याखाली दहा ठिपके घातले आणि दर वर्षी एक ठिपका कमी करत गेली. ठिपके मोजा, साल सांगा. माझ्या मते मात्र यात शिकारीची मजा जरा कमीच.

आता शिक्क्यामागची माणसं. शिक्का रॉजर्सचा असला, तरी चाकू एकाच्या हातचा नसायचा. लोहार पातं ठोकायचा, धारवाला ते दगडावर घासायचा, तिसरा कारागीर मूठ, स्प्रिंग आणि रिव्हेट जुळवायचा. पुष्कळसे 'लिटल मेस्टर', म्हणजे भाड्याच्या खोलीत स्वतःच्या हिंमतीवर काम करणारे छोटे उस्ताद. यातला धारवाला सगळ्यात अभागी. फिरत्या दगडावर घोड्यावर बसल्यासारखा वाकून दिवसभर बसायचा आणि दगडाची, पोलादाची धूळ छातीत भरायची. 'ग्राइंडर्स ॲस्थमा' असं त्या दुखण्याला नाव होतं. आज आपण त्याला सिलिकोसिस म्हणतो. दगड ओला ठेवला तर धूळ कमी, त्यामुळे खिशातल्या चाकवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं होतं. पण कोरड्या दगडावर काटे घासणारे तिशीच्या आसपासच जायचे. १८३० मध्ये अर्नॉल्ड नाइट या डॉक्टरने त्यावर लिहिलं, १८४० च्या दशकात कॅल्व्हर्ट हॉलंडने पुन्हा लिहिलं. धूळ ओढून घेणारे पंखे तेव्हाही माहीत होते, बसवायचा खर्च कुणी करायचा यावर घोडं अडलं होतं. ऐकल्यासारखं वाटतंय ना? दगडखाणीत आणि अगरबत्तीएवढ्या पगारात क्वार्ट्झची पूड करणाऱ्या गिरण्यांत आपल्या देशात हे दुखणं आजही आहे. धार बघताना मला तो वाकलेला माणूस आठवतोच.

मुठीचा हिशेबही असाच काळजाला लागणारा. मूठ हस्तिदंताची, शिंपल्याची, कासवाच्या पाठीची नाहीतर शिंगाची. हस्तिदंताचा धंदा आपल्या मुंबईला चांगला ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून निघालेलं पुष्कळ हस्तिदंत मुंबई बंदरात उतरून पुढे विलायतेला जायचं. शिंग म्हणाल तर तेही आपलंच, सांबराचं. ते आतून भरीव आणि टणक असतं, म्हणून शेफिल्डवाल्यांना तेच हवं असायचं. सांबराची शिंगं दर वर्षी गळतात, त्यामुळे हा धंदा निरुपद्रवी मानला जायचा. पण गळलेलं शिंग कुठलं आणि मारलेल्या जनावराचं कुठलं, हे गोणीत बघून कसं कळणार? १९९८ मध्ये भारताने या शिंगांची निर्यात बंद केली आणि जगभरचे चाकूवाले हाडाला शिंगाचा रंगरूप द्यायला लागले.

म्हणूनच कडक शब्दांत सांगतो. परदेशातून हस्तिदंती मुठीचा चाकू मागवायचा मोह झाला, तर आवरा. आपल्याकडे वन्यजीव कायदा आहे, हस्तिदंताच्या व्यापारावर पूर्ण बंदी आहे आणि ''माल शंभर वर्षं जुना आहे'' हे कस्टमवाल्याला ऐकवून काही होणार नाही. शिंगाच्या मुठीबाबतही आधी नियम विचारा, मग कार्ड स्वाइप करा. आबनूस, रोझवुड किंवा हाडाची मूठ काय कमी देखणी असते?

शस्त्रकायद्याची भीती घालणारे काका प्रत्येक घरात असतात. त्या कायद्याचा बडगा नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यावर आहे. आपला पेन्सिलीचा चाकू त्यात बसत नाही. बटण दाबून उघडणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या वाटेला जाऊच नका. आणि कुठलाही चाकू विमानात हँडबॅगेत नको. सिक्युरिटीवाल्याच्या ट्रेमध्ये टाकून द्यायला आपण रॉजर्स घेतलेला नसतो.

शोधायचं कुठे? मुंबईत चोर बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. नाहीतर आजोबांची ट्रंक, तिच्याएवढं खात्रीचं दुकान नाही. चाकू हातात घेतला, की पातं सावकाश उघडा. अर्ध्यावर सैल पडलं तर स्प्रिंग गेली. मिटताना खणखणीत 'टक' झालं, तर जीव आहे. पातं घासून घासून निमुळतं झालं असेल तर किंमत पाडा. आणि गंजलेला चाकू आरशासारखा चकाकत असेल, तर कुणीतरी त्याला मशीनवर घातलंय. शिक्का पुसट झाला, वय पुसलं, आता तो नुसता चाकू उरला. पोलादावर वापराने चढलेली निळसर-काळी झाक हाच त्याचा दागिना. ती तशीच ठेवायची, फक्त लाल गंज तेवढा मऊ फडक्याने आणि तेलाने काढायचा.

आपल्या पावसाळ्यात तर जास्त जपायला हवं. चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, चामडं ओल धरतं. सिलिका जेलच्या पुड्या टाका, महिन्यातून एकदा तेलाचं बोट फिरवा. आणि सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या काळच्या रंगीत प्लॅस्टिकच्या मुठीचा चाकू वेगळ्या डबीत ठेवा. ते कालांतराने कुजतं, वाफ सोडतं आणि शेजारच्या चार निरपराध चाकूंना गंज चढवतं.

रॉजर्सने १९७१ मध्ये वॉस्टनहोमला विकत घेतलं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत जुनं घराणंच बसलं. आता ती नावं इतरांच्या मालावर दिसतात. शेफिल्डचा स्टॅन शॉ १९४१ मध्ये पोरगेल्या वयात या कामाला लागला, ऐंशी-नव्वदीपर्यंत एकहाती घडीचे चाकू घडवत राहिला आणि २०२१ मध्ये गेला. त्याच्या चाकूसाठी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं थांबायची. गावात अजून मोजके कारखाने आणि काही तरुण हात हे काम करताहेत. नवा पण जुन्या पद्धतीचा चाकू हवा असेल, तर त्यांच्याकडे रांग लावा.

आणि कुणाला चाकू भेट द्यायचा झाला, तर शेफिल्डचा रिवाज पाळा. चाकू फुकट दिला तर मैत्री तुटते, असं तिकडे मानतात. म्हणून घेणाऱ्याने लगेच एक पेनी हातावर ठेवायची. आपल्याकडे रुपयाचं नाणं चालेल. यूपीआय चालतं का, ते मात्र शेफिल्डकरांना विचारावं लागेल.