आधी सोमवार ते शुक्रवारचं बोला

परदेशात इंग्रजी शिकवायला गेलेल्या कुणाचंही इन्स्टाग्राम उघडा, तिथे बारा महिने शनिवार-रविवारच चालू असतो. निळं पाणी, लांबुडकी होडी, शहाळ्यात खोचलेली नळी. मी थायलंडमधल्या एका लहान गावच्या सरकारी शाळेत शिकवून आले, म्हणून हे फोटो बघून हरखलेली मुलंमुली मला विचारतात, मॅडम, शाळेपासून समुद्र किती लांब पडतो? माझं उत्तर ठरलेलं आहे. समुद्राचं नंतर बघू, आधी सोमवार ते शुक्रवारचं बोला. त्या पाच दिवसांशी तुमचं जमणार असेल तरच निघा.

हे सांगतेय ते नाउमेद करायला नाही. बी.एड. होऊन शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेली, कॉलेजात तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारी कितीतरी माणसं आपल्या आसपास आहेत. त्यांच्यासाठी ही वाट खरी आहे आणि बी.एड.चा तिथे उपयोगही होतो. पण वाटेवर काटे आहेत, आणि पहिला काटा इथेच, आपल्या गावात पेरलेला असतो.

भारतीयांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय फिरायला जाण्याची सवलत 2023 च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि एजंटांचं फावलं. ‘आता तसेच जा, तिथे उतरलात की कागद करून देऊ’ असं सांगणारा भेटला तर उठून घरी या. फिरायला मिळालेल्या मुक्कामात पगारी शिकवणं हा तिथे सरळ गुन्हा आहे. रीत अशी की शाळा आधी पत्र देते, त्यावर ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा मिळतो, मग वर्क परमिट, आणि वर तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट. आपली मातृभाषा इंग्रजी नाही म्हणून टोइक किंवा आयल्ट्ससारख्या परीक्षेचे गुण मागतात. पदवीवर आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र खात्याचा आणि शेवटी थाई वकिलातीचा शिक्का लागतो, पोलिसांचा दाखला वेगळा. या कामाला महिने लागतात, हे धरूनच चाला. ‘आठ दिवसांत सगळं करतो’ म्हणणाऱ्याचा आकडा कितीही कमी असो.

आणि एजंटाचं नाव परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका. थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली नेलेल्या मुलांना माए सोतच्या सीमेवरून म्यानमारमध्ये ढकलून ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर बसवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. 2025 च्या मार्चमध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून जास्त भारतीयांना माए सोतहून परत आणलं. ही मुलं अडाणी नव्हती. ‘शाळेचं नाव तिथे गेल्यावर कळेल’ हे वाक्य ऐकलंत की संभाषण संपवा. शाळेचं नाव घ्या, तिथल्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी व्हिडिओ कॉलवर बोला, आणि मगच पुढचं.

करारात काय बघायचं? पगाराचा आकडा सगळेच बघतात. त्याच्या खालची ओळ बघा: करार दहा महिन्यांचा आहे की बाराचा? तिथली शाळा मेच्या मध्यावर सुरू होते, ऑक्टोबरात मोठी सुट्टी, आणि मार्चपासून पुन्हा दोन महिने बंद. दहा महिन्यांच्या करारात या सुट्टीचा पगार नाही, भाडं मात्र चालूच. दुसरं म्हणजे गोऱ्या शिक्षकाला तीस-पस्तीस हजार बाट देणारी शाळा त्याच तासांसाठी आशियाई शिक्षकाला पंधरा ते पंचवीसवर बसवते. जाहिरातीत ‘फक्त नेटिव्ह स्पीकर’ असं उघड लिहिलेलं असतं. हे चूकच आहे, पण घासाघीस करता येते, आणि बी.एड. हातात असलेल्याने ती जरूर करावी. आडगावच्या शाळा शिक्षक मिळत नाहीत म्हणून मेटाकुटीला आलेल्या असतात, तिथे बोलणं सोपं जातं.

‘नेटिव्ह’ या प्रकरणावरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सयामच्या, म्हणजे जुन्या थायलंडच्या, राजवाड्यात इंग्रजी शिकवून जगभर गाजलेली ॲना लिओनोवेन्स ही आपल्या नगरची. 1831 साली अहमदनगरच्या लष्करी छावणीत जन्मली, वडील कंपनीच्या फौजेतले साधे सार्जंट, लहानपण मुंबई-पुण्याकडे गेलं. राजा मोंगकुटने 1862 मध्ये तिला बँकॉकला बोलावलं, तेव्हा तिने स्वतःची ओळख वेल्समध्ये जन्मलेली अशी करून दिली, आणि मरेपर्यंत तेच रेटलं. संशोधकांना खरं शोधून काढायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. राहायचं घर राजवाड्याबाहेर हवं, यावरून तिचा राजाशी चांगलाच खटका उडाला होता, असं तिनेच लिहून ठेवलंय. (तिच्यावरचा हॉलिवूडचा सिनेमा थायलंडमध्ये बंद आहे, शाळेत त्याचा विषय काढू नका.) सांगायचं इतकंच की दीडशे वर्षांपूर्वीचा दबाव अजून गेलेला नाही. मुलाखतीत घशातून अमेरिकन आवाज काढायचा मोह होईल. काढू नका. तो आवाज पहिल्या तासाला टिकतो, पाचव्या तासाला घसा बसतो आणि मुलांच्या ते लगेच लक्षात येतं. आपलं इंग्रजी स्पष्ट, सावकाश बोला. त्यांना तेच हवं असतं.

आता वर्गात या. साडेसातला फाटकाशी उभं राहायचं, येणाऱ्या प्रत्येक मुलाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. परदेशी शिक्षकाची ही ड्युटी जवळजवळ ठरलेली. मूल हात जोडून वाकतं, तुम्हीही हात जोडा, पण त्याच्याइतकं वाकू नका, त्यालाच अवघडल्यासारखं होतं. आठ वाजता राष्ट्रगीत, ध्वज वर, मग प्रार्थना, मग हेडमास्तरांचं भाषण, डोक्यावर ऊन. सोमवारी शिक्षक पिवळ्या कपड्यांत. वर्गाबाहेर बुटांची रांग आणि आत चाळीस-पंचेचाळीस मुलं. तुम्ही त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा किंवा दोनदा येणार, म्हणजे एकूण काहीशे मुलं तुमच्या वाट्याला. हजेरीपटावर ‘कित्तिसाक’, म्हणजे आपलं कीर्ती अधिक शक्ती, असं भारदस्त नाव असतं, आणि हाक मारायची तर ‘बँक’. बाकावर शेजारी ‘आइस’, मागे ‘गोल्फ’. ही घरची लाडाची नावं. ती पहिल्याच आठवड्यात पाठ करा, अर्धा वर्ग तिथेच तुमचा होतो.

उरलेला अर्धा वेळ घेतो. थाई मूल ‘समजलं नाही’ असं म्हणत नाही. शिक्षकाला अडचणीत टाकल्यासारखं होईल म्हणून हसून मान डोलावतं. त्यामुळे ‘समजलं का?’ हा आपला आवडता प्रश्न तिथे कुचकामी आहे. फळ्याशी बोलवा, करून घ्या, चित्र काढून घ्या. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी ‘ल’ उच्चारत नाहीत, तिथे ‘न’ येतो, म्हणून फुटबॉल ‘फुटबॉन’ होतो आणि ॲपल ‘ॲपन’. जीभ वरच्या दातांमागे टेकवून ठेवायची, हे मी तोंड उघडून दाखवायचे आणि पंचेचाळीस तोंडं माझ्याकडे बघून उघडायची. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीला ‘बॉल’ नीट म्हणता आलं, तर ती दिवसभर भेटेल त्याला ‘बॉल’ म्हणत फिरली. व्याकरणाचा धडा त्या दिवशी राहिला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तयारी ठेवा की तास होणार नाहीत. खेळांचा सराव, स्काउट, कुणी पाहुणे, आणि ते तुम्हाला वर्गात गेल्यावर कळतं, कारण सूचना थाईतून लागलेली असते. शनिवारी ‘इंग्लिश कॅम्प’ निघाला की तुमचा वीकएंड गेला. बहुतेक शाळांत नापास मुलाला पुन्हा परीक्षा देऊन पास करून घेतात, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. तुमचा थाई सहशिक्षक हा तुमचा खरा आधार. त्याला चारचौघांत खोडू नका, आवाज चढवू नका. आपल्याकडे तापट मास्तरांचं कौतुक होतं, तिथे चिडलेल्या माणसाची किंमत उतरते. मुलांच्या डोक्यावर मायेनेसुद्धा हात ठेवू नका. आणि राजघराण्याबद्दल तोंडाने, फेसबुकवर, थट्टेने, कसंच काही बोलू नका. दंडविधानाच्या 112 व्या कलमाखाली तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे.

जूनमध्ये एका गुरुवारी मुलं शिक्षकांची पूजा करतात, ‘वाय ख्रू’ म्हणतात त्याला. परडीत दूर्वा, वांग्याची फुलं आणि बकोऱ्याची फुलं असतात. दूर्वा बघून आपल्याला भरून येतंच. त्या दिवशी रजा घेऊ नका.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण त्याला थाईतून चार शब्द बोलावे लागतात. नुसतं ‘मटण नको’ सांगून भागत नाही, माशाचं पाणी, म्हणजे ‘नाम प्ला’, भाजीतही पडतं. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेली गाडी किंवा दुकान शोधा, तिथे कांदा-लसूणसुद्धा नसतो, चातुर्मास पाळणाऱ्यांची सोय. कुकर घरून न्या.

आता फिरणं. शुक्रवारी रात्रीच्या बसने बेटावर आणि रविवारी रात्रीच्या बसने परत, असं पहिल्या महिन्यात सगळे करतात. सोमवारी फाटकाशी उभं राहिल्यावर डोळे मिटतात, आणि पगार तिकिटांत जातो. त्यापेक्षा शाळेच्या गावापासून दोन-तीन तासांचं वर्तुळ काढा आणि ते आधी संपवा. थर्ड क्लासची पॅसेंजर गाडी पकडा, खिडक्या उघड्या, फळं-भात विकणाऱ्या बायका डब्यातून फिरत असतात, तिकीट अगदी किरकोळ. लांबच्या बहुतेक गाड्या 2023 पासून बँकॉकच्या नव्या क्रुंग थेप अफिवत स्थानकातून सुटतात, काही जुन्या हुआ लाम्फोंगवरून, आणि कांचनाबुरीची गाडी नदीपलीकडच्या थोनबुरीहून. स्थानक विचारून घ्या, नाहीतर सकाळ टॅक्सीत जाते.

अयुथ्याला सगळे जातात, तुम्हीही जाल. 1767 मध्ये ब्रह्मी फौजांनी जाळलेली ती राजधानी, झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक. तिथे फोटो काढताना खाली बसावं लागतं. मला जास्त सांगायचंय ते कांचनाबुरीचं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी 1942-43 मध्ये सयाम आणि ब्रह्मदेश जोडणारी 415 किलोमीटरची रेल्वे युद्धकैद्यांकडून आणि आशियाई मजुरांकडून बांधून घेतली. तिच्या उरलेल्या तुकड्यावरून गाडी अजून धावते, वांग फोजवळ कड्याला चिकटलेल्या लाकडी पुलावर इतकी हळू होते की खालची नदी नीट बघून घ्यावी. गोऱ्या कैद्यांसाठी गावात हिरवळीवर ओळीने थडगी आहेत, बहुतेकांवर नाव. मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर त्याहून कितीतरी जास्त संख्येने मेले, त्यांच्यासाठी अशी नावानिशी थडगी नाहीत. पुलावर सेल्फी काढा, हरकत नाही, पण तेवढं करून परतू नका.

पेच्चबुरीलाही जाऊन या. तिथल्या टेकडीवर ॲनाच्या राजाचा उन्हाळी वाडा आहे, माकडं पिशव्या हिसकावतात, आणि खाली ताडाच्या गुळाचं, खरवसाच्या वळणाचं ‘खनोम मो कएंग’ मिळतं. त्यात अंडं असतं, एवढं लक्षात ठेवा.

स्कूटरबद्दल कडक बोलते. आपल्याकडे दहावीपासून चालवतो म्हणून तिथे भाड्याने घेऊन निघू नका. तिथल्या रस्त्यांवर मरणाऱ्यांत दुचाकीवालेच सगळ्यांत जास्त असतात. दुचाकीचा वैध परवाना नसेल तर विमा कंपनी दवाखान्याचं बिल देत नाही, आणि ते बिल घर विकायला लावू शकतं. परवाना काढा, हेल्मेट घाला, नाहीतर सोंगथेवने जा, ते आपलं वडापच आहे.

जोडून सुट्टी आली की लाओस, मलेशिया खुणावतात. आषाढी पौर्णिमेची ‘आसान्हा बुचा’ साधारण आपल्या गुरुपौर्णिमेच्या सुमारास येते, ती अशीच एक. पण सीमा ओलांडण्याआधी इमिग्रेशन ऑफिसातून ‘री-एंट्री परमिट’ घ्या, एका खेपेचे हजार बाट. ते न घेता बाहेर पाऊल टाकलंत तर व्हिसा तिथल्या तिथे रद्द होतो आणि सगळी कागदपत्रं पहिल्यापासून. दर 90 दिवसांनी आपला पत्ता कळवायचाही नियम आहे, विसरलात तर दंड. मोबाइलवर गजर लावून ठेवा.

आईवडिलांना बोलवायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात बोलवा. हवा बरी असते, आणि ‘लोय क्राथोंग’ बहुधा त्रिपुरी पौर्णिमेला येत असल्याने नदीवर दिवे सोडायला आईला परकं वाटत नाही. एप्रिलमधल्या सोंगक्रानला मात्र बोलवू नका. 13 ते 15 तारखेला अख्खा देश रस्त्यावर पाणी उडवत असतो आणि बसगाड्यांची तिकिटं मिळत नाहीत. तुम्हाला स्वतःला त्या सुट्टीत घरी यायचं असेल तर विमानाचं तिकीट जानेवारीतच काढा.