अभ्यास कर, नाहीतर...

"अभ्यास कर, नाहीतर रिक्षा चालवशील!" मंडळी, ही धमकी ऐकली की माझं डोकं फिरतं. यात रिक्षावाल्याचा अपमान आहेच, पण शिक्षणाचाही आहे. शाळा म्हणजे काय नुसती पॅकेजची पहिली पायरी? १८४८ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्या पोरींना कुठलं पॅकेज मिळणार होतं? फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, थेट धर्मालाच जाब विचारला. १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळकरी मुलगी हो! माझा लेक कुरकुरतो, "बाबा, शाळेत कशाला जायचं?" मी सांगतो, "जाब विचारता यावा म्हणून. अगदी मलासुद्धा." धमकीपेक्षा हे उत्तर देऊन बघा.