सुधारणा कुणाची, निर्णय कुणाचा?



सोळाव्या शतकातल्या युरोपचा धडा आपण सगळ्यांनीच शाळेत गिरवला आहे. प्रबोधन, छापखाना, १५१७ साली मार्टिन ल्यूथरने चर्चच्या सत्तेला दिलेले आव्हान आणि नंतर कॅथलिक-प्रोटेस्टंटांची युद्धे. या धड्यात स्त्रिया जवळजवळ नाहीतच. असल्या तर राण्या. प्रत्यक्षात या उलथापालथीत सामान्य घरांतल्या, मठांतल्या स्त्रियांनी बोलण्याची जागा शोधली आणि त्याची किंमतही मोजली.

बव्हेरियातील आर्गुला फॉन ग्रुम्बाखचेच पाहा. १५२३ साली इंगोलश्टाट विद्यापीठाने एका तरुणाला ल्यूथरची मते जाहीरपणे सोडायला भाग पाडले. एकही विद्वान त्याच्या बाजूने उभा राहिला नाही. आर्गुलाने विद्यापीठाला पत्र लिहिले: माझ्याशी बायबलच्या आधारे चर्चा करा, पण जर्मनमध्ये, कारण मला लॅटिन येत नाही. पत्र छापले गेले, चौदा आवृत्त्या निघाल्या. विद्यापीठाने उत्तर दिले नाही. तिच्या नवऱ्याची सरकारी जागा मात्र गेली. बायकोला आवरता आले नाही, हा त्याचा गुन्हा! चाती हातात घेऊन घरी बस, असे तिला पद्यातून सुनावले गेले. तिनेही पद्यातूनच उत्तर दिले.

आता दुसरी बाजू. न्यूरेंबर्ग शहराने १५२५ साली नवा पंथ स्वीकारला. मठ म्हणजे तुरुंग, जोगिणींना सोडवले पाहिजे, असे सुधारक म्हणू लागले. तिथल्या सेंट क्लेअर मठाची प्रमुख कारितास पिर्कहायमर ही विदुषी होती. तिच्या मठात स्त्रिया वाचत, लिहीत, आपला कारभार आपण पाहत. तीन तरुण जोगिणींना त्यांच्या आयांनी, नातेवाइकांनी रडत-ओरडत असताना ओढून बाहेर काढले. याला नाव होते मुक्ती. मठ बंद झाला नाही, पण नवीन मुली घेण्यास बंदी आली आणि शेवटच्या जोगिणीबरोबर तो संपला.

कॅथलिकांनीही आपले घर सुधारायला घेतले. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने जोगिणींना मठाच्या भिंतीआड कोंडले. इंग्लंडच्या मेरी वॉर्डने भिंतीबाहेर राहून मुलींसाठी शाळा काढल्या, तेव्हा १६३१ साली पोपने तिची संस्था मोडली आणि तिला म्युनिकच्या एका मठात कैदेत ठेवले. संस्थापक म्हणून तिचे नाव घेण्यास चर्चला १९०९ साल उजाडावे लागले.

एकमेकांचे गळे कापणारे हे दोन्ही पक्ष एका बाबतीत मात्र सारखे वागले. चेटकीण ठरवून जाळण्यात, फासावर देण्यात कुणीच मागे नव्हते. या खटल्यांत सुमारे ४० ते ५० हजार माणसे मारली गेली. त्यांतल्या जवळपास तीनचतुर्थांश स्त्रिया होत्या.

म्हणून या काळाने स्त्रियांना काहीच दिले नाही, असे म्हणणे चूक ठरेल. मातृभाषेतले बायबल घरात आले, मुलींच्या शाळा निघाल्या, झुरिकसारख्या शहरात घटस्फोट शक्य झाला. हे मिळाले, आणि तेही महत्त्वाचे होते.

पण चळवळ सत्तेबाहेर असताना बाईचा आवाज हवासा असतो. सत्ता आली की त्याच आवाजाला उद्धटपणा म्हटले जाते. आर्गुलाला गप्प करणारे जुन्या धर्माचे होते, कारितासला ‘सोडवणारे’ नव्या धर्माचे. दोघांनीही तिला विचारले नाही.

एखादी सुधारणा स्त्रियांच्या नावाने आपल्यापुढे येते, तेव्हा तिच्या घोषणांबरोबर आणखी दोन गोष्टी तपासू या. निर्णयाच्या बैठकीत बाई आहे का? आणि तिला ‘नाही’ म्हणता येते का? कारितासला ते म्हणता आले नाही, म्हणून तिच्या मठाचे दार उघडूनही ती मुक्ती ठरली नाही.