योनिमुखावरची गाठ आणि जुनी फाईल

वृद्ध रुग्णाला स्नान घालताना योनिमुखापाशी, म्हणजे जननेंद्रियाच्या बाह्य भागात, त्वचेखाली कठीण गाठ हाताला लागली, तर केसतोड समजून मलम लावीत बसू नये. पूर्वी कर्करोग झालेला असल्यास तर मुळीच नव्हे. मग त्या गोष्टीला दहा वर्षे का लोटलेली असेनात!

योनिमुखाचा कर्करोग मुळातच विरळा, आणि अन्य अवयवांतून पसरून तेथे आलेला त्याहूनही विरळा. तो बहुधा शेजारच्या अवयवांतून येतो: गर्भाशयमुख, गर्भाशय, बीजांडकोश, मूत्राशय, गुदाशय. क्वचित स्तन किंवा मूत्रपिंड यांतूनही येतो. अशी गाठ पुष्कळदा अखंड त्वचेखाली असते; कधी ती फुटून रक्तही येते. गुदाशयाचा वा मूत्राशयाचा कर्करोग त्वचेत पसरला, तर हुबेहूब इसबासारखा लाल, ओलसर चट्टा दिसू शकतो. हे रूप फार फसवे असते.

म्हणून नुसत्या पाहण्याने निदान होत नाही. बायोप्सी करावी लागते. बहुधा तेवढीच जागा बधिर करून लहानसा तुकडा काढतात. पेशी मूळच्या कोठल्या, हे ठरविण्यासाठी त्यांवर ‘इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री’ नावाची तपासणी होते. तीत पेशींतील विशिष्ट प्रथिने रंगवून पाहतात. उदाहरणार्थ, मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सहसा सीके-२० आढळते व सीके-७ आढळत नाही. स्तनाच्या कर्करोगात बहुधा याच्या उलट. तरीही एकट्या खुणेवर निर्णय देता येत नाही.

येथे जुनी फाईल कामी येते. ‘आईची पिशवी काढली होती’ एवढे सांगून भागत नाही. ती कशासाठी काढली, अहवालात काय लिहिले होते, हे डॉक्टरांना हवे असते. त्या वेळचा मेणाचा ठोकळा, ज्याला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात, आणि काचपट्ट्या उपलब्ध असल्यास मागून घ्याव्यात. दोन्ही पेशी शेजारी ठेवून पाहिल्या की संशय पुष्कळ फिटतो. पुढे सीटी किंवा पेट स्कॅन, गरजेनुसार दुर्बिणीने मूत्राशय व आतडे यांची तपासणी होते. हा खटाटोप व्यर्थ नव्हे: मूळ तेथलाच रोग असल्यास शस्त्रक्रियेचा विचार प्रथम होतो, पसरून आलेला असल्यास उपचार मूळ रोगाचे.

संकोचामुळे आजी बोलत नसतील, तर स्त्री-डॉक्टरांची वेळ मागावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास बायोप्सीपूर्वी आवर्जून सांगावे. ती आपल्या मनाने बंद करू नये.